‘आलो’चं बटण

“गेलं हो ताई बटण,” मुकुंद म्हणाला आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू त्यानं काउंटरवर ठेवली.

“गेलं? अरे, लावून तीन आठवडे नाही झाले!”

“मी काय करू? दाबलं तर वाजत नाही, वाजलं तर थांबत नाही. नवं टाकून द्या. थांबतो मी.”

मिरजेत मार्केटच्या मागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान. टीव्ही, टेप, दवाखान्यातली बारीकसारीक यंत्रं. अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल होता आणि वर पत्रा, त्यामुळं सोल्डर करताना नाकावरचा घाम टपकन सर्किटवर पडायचा. त्यात हे. समोरची वस्तू मी माझ्या हातानं बनवलेली, म्हणून जास्तच झोंबलं.

मुकुंद हा लाटकर मास्तरांचा मुलगा. मास्तर म्हणजे माझे गुरू. आयटीआयमध्ये आमच्या बॅचला मी एकटी मुलगी. बाकीचे शिक्षक म्हणायचे, पोरी, शिवणकामाला जा. मास्तरांनी माझ्यापुढं एक बंद पडलेला रेडिओ ठेवला आणि म्हणाले, “शाले, संध्याकाळपर्यंत हा बोलला पाहिजे.” आज जे चार घास खाते ते त्या माणसामुळं. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला.

मग मी त्यांना बेल करून दिली. उशाशी वायरीला एक बटण, पिनेतून काढता-घालता येणारं. स्वयंपाकघरात भिंतीवर डबा. मास्तरांनी दाबलं की डब्यात बझर वाजणार, लाल दिवा लागणार, आणि तो लाल दिवा आपोआप विझणार नाही. ऐकणाऱ्यानं डब्यावरचं दुसरं बटण दाबायचं. मग लाल विझतो आणि मास्तरांच्या खोलीत, त्यांना दिसेल असा, हिरवा लागतो. त्या दुसऱ्या बटणाखाली मी कागदावर ‘आलो’ असं लिहून चिकटवलं होतं. ही युक्ती मास्तरांचीच. “हाक मारणाऱ्याला कळलं पाहिजे, की हाक पोचली,” असं ते वर्गात सांगायचे.

पाणी हवं, कूस बदला, दुखतंय, भीती वाटते, जे काय सांगायचं ते मास्तरांना आता त्या एका बटणातून सांगायचं होतं. दुसरी सोय नव्हती.

मी बटणाला मीटर लावला आणि दाबलं. मीटर ‘पी’ करून वाजला.

“वाजतंय की रे.”

“तुमच्या हातात वाजतंय.”

मला एकदम मास्तरांचं बोलणं आठवलं. अंगठ्याला सगळीच बटणं चांगली वाटतात, शाले. करंगळीनं दाबून बघ. ज्याचं बटण आहे त्याच्या बोटात तुझा जोर असतो का? करंगळीनं दाबलं, तर मीटर मुका. मग बटण उघडून भिंगाखाली धरलं. अशा बटणात पातळ पत्र्याची बारकी घुमटी असते. दाबली की खाली बसते, सोडली की टक् करून उठते. सरळ दाबत राहिलं तर चारपाच हजार वेळा तिला काही होत नाही. ही मात्र एका कडेला फुटली होती. कुणीतरी वाकडं, एका बाजूनं, पुन्हापुन्हा दाबल्यासारखी.

“दिवसातनं किती वेळा दाबतात रे?”

“दोनदा, तीनदा. फार तर चारदा.”

चार गुणिले वीस दिवस, ऐंशी. ऐंशी वेळा दाबून घुमटी फुटली? मी पुण्याच्या माल देणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मेल्यानं हलका लॉट गळ्यात मारला. नवं बटण टाकलं, दोन्ही बोटांनी तपासलं आणि दिलं.

“मास्तर कसे आहेत? येऊन जाईन म्हणते एकदा.”

“नको ताई. डॉक्टर म्हणालेत, माणसं नकोत. कुणी आलं की रडतात आणि बीपी वाढतं.”

खरं सांगते, मला बरंच वाटलं. बेल बसवायला गेले तेव्हा त्यांचं वाकडं झालेलं तोंड आणि त्यातून गळणारी लाळ बघून मी न्हाणीत जाऊन रडले होते. पुन्हा ते बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. डॉक्टरांचं निमित्त मिळालं ते मी पदरात बांधून घेतलं.

नवव्या दिवशी मुकुंद परत हजर. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण खालच्या काजात.

“अरे, काय अवतार हा?”

“वेळ कुठंय ताई? ही गडहिंग्लजला, बाळंतपणाला. सकाळपासून तीन बॅचेस. दहावीचं सुट्टीतलं गणित. पुढच्या खोलीत क्लास, मागच्या खोलीत बाबा.”

मी त्याला चहा मागवला. लहानपणी मास्तरांच्या मागं मागं वर्गात यायचा, रेडिओचे खराब व्हॉल्व खिशात भरून न्यायचा तो मुकुंदा. पोरगं एकटं बापाचं करतंय, असा मला उमाळा आला.

बटण उघडलं. या वेळी घुमटी फुटली नव्हती, पण आत हिरवा गंज. सगळीकडं हिरवं.

“यावर पाणी सांडतं का रे?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“सांडतं की.”

“पाणी पाजताना जपून पाजत जा. बटण बाजूला करायचं आधी.”

“हो.”

मी नवं बटण टाकलं आणि पाणी शिरू नये म्हणून वरून मऊ रबराची टोपी चढवली. मुकुंद बघत बसला होता. मधेच म्हणाला, “ताई, न झिजणारं बटण नसतं का हो?”

“असतं की. न दाबलेलं.”

मी आपली हसले. तो हसला नाही. बटण खिशात टाकून उठला, तर मी वर आणखी म्हणाले, “तू आहेस म्हणून मास्तरांचं बरं चाललंय, मुकुंदा.” त्यावर त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, पोरगं लाजलं.

त्यानंतर पाच दिवसांनी, सकाळी साडेअकराला, त्यानं तिसऱ्यांदा बटण आणलं. टोपीच्या चिंध्या झाल्या होत्या.

“उंदरानं खाल्लं,” तो म्हणाला. “संध्याकाळी नेतो. बॅच बसलीय.”

“अरे थांब. तोपर्यंत मास्तर काय करतील बटणाशिवाय?”

“म्हणूनच म्हणतो, आजच्या आज करा. बटण नसलं की घशातून आवाज काढत राहतात. क्लासातली पोरं घाबरतात.”

आणि तो गेलासुद्धा. सायकलला टांग मारताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मी बटण भिंगाखाली धरलं. उंदराचे दात मला चांगले ठाऊक. उंदरांनी वायरी कुरतडलेले शंभर टीव्ही मी उघडलेत. उंदराच्या दाताचे दोन बारीक ओरखडे असतात, पटाशीनं काढल्यासारखे. हे तसले नव्हते. रुंद होते, चपटे. टोपीवर एक रांग, खाली दुसरी. आणि वरच्या रांगेत, प्रत्येक चाव्यात, ठरावीक जागी एक बारकी उभी रेघ राहिली होती, न चेपलेली. दहा चावे मोजले. दहाही ठिकाणी ती रेघ. मी कोपऱ्यातला वायरीचा तुकडा घेतला आणि त्या रेघेवर आडवा धरून बघितला. रुंदी बरोबर वायरीएवढी.



आमच्या लायनीत एक वाईट खोड असते. वायरीचं प्लास्टिक सोलायला कात्री शोधत कोण बसणार? दातात धरायची आणि ओढायची. मास्तरांनी तीस वर्षं तेच केलं होतं, आणि त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला अर्ध्या चंद्राची खाच पडली होती. मला तसं करताना पाहिलं की ओरडायचे, “दातानं सोलू नको! माझं बघ!” आणि ओठ वर करून ती खाच दाखवायचे. सगळी बॅच हसायची.

मास्तर बटण दातानं दाबत होते.

मग त्यांचा डावा हात कुठं होता?

आणि तो हिरवा गंज. ते पाणी नव्हतं, लाळ होती. मी तो गंज डोळ्यांनी पाहिला आणि वर शहाणपणानं सांगितलं, पाजताना जपून. बटण पिशवीत टाकलं, शटर ओढलं आणि लूना काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चाकाला चिकटत होतं. तेवढ्या वाटेत मी देवाला इतकंच म्हणत होते, की मी चुकीची ठरू दे.

मुकुंद फळ्यापाशी उभा होता. समोर सतरंजीवर पंधरावीस मुलं. मला बघून त्याचा खडू थांबला.

“चालू दे तुझं. डबा तपासते,” मी म्हणाले आणि तो काही बोलायच्या आत स्वयंपाकघरात शिरले.

डब्यावरचा लाल दिवा पेटलेला होता. म्हणजे मास्तरांनी शेवटचं बटण दाबलं, त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. बझरच्या भोकात कापूस कोंबून वर चिकटपट्टी मारली होती. आणि ‘आलो’चं बटण? बसवताना तेलकट बोटं लागू नयेत म्हणून मी कागद आणि बटण दोन्हींवर मिळून पारदर्शक पट्टी लावली होती. एकदा जरी दाबलं असतं तरी पट्टीला सुरकुती पडली असती. ती मी लावली तशीच गुळगुळीत होती. उशाचं बटण तीनदा मेलं होतं आणि या बटणाला माणसाचं बोट माहीत नव्हतं.

मी करंगळी ठेवली आणि दाबलं. टक्क. कोऱ्या बटणाचा आवाज.

लाल दिवा विझला. आणि आतल्या खोलीतून एक आवाज आला. ओरडणं नव्हे, रडणंही नव्हे. हापशाला पाणी यायच्या आधी नुसती हवा ओढली जाते, तसा. मला क्षणभर कळेना काय झालं. मग कळलं. आत हिरवा दिवा लागला होता.

मी पळत गेले. मास्तर खाटेवर, अर्धे झालेले. डावा हात धोतराच्या पट्टीनं खाटेच्या गजाला बांधलेला. बटणाची रिकामी वायर उशीला सेफ्टी पिनेनं टाचलेली, तोंडापासून वीतभर. ओठ फुटून त्यांवर काळ्या खपल्या. खिडकीत तांब्या होता, वर ताटली झाकलेली, खाटेवरून हात पोचणार नाही असा. ते टक लावून हिरव्या दिव्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी गाठ सोडली. मनगटावरची कातडी सोलपटली होती. चमच्यानं पाणी घातलं. पहिला चमचा बाहेर आला, दुसरा आत गेला. तिसऱ्याला त्यांनी दातांनी चमचाच धरून ठेवला.

मुकुंद दारात उभा होता, हाताला खडू लागलेला.

“हात सोडला की दिवसभर दाबतात ताई. दिवसभर! एक मिनिट थांबत नाहीत.”

“कशासाठी दाबतात?”

तो मागं वळून वर्गाकडं बघायला लागला.

“कशासाठी दाबतात रे?”

“पाण्यासाठी.”

“मग?”

“पाणी दिलं की चादर ओली. दिवसाला सहा-सहा चादरी. मी एकटा. बॅच सोडून किती वेळा उठू? म्हणून जरा कमी करत आणलं. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक.” त्यानं बोटावरचा खडू नखानं खरवडला. “परवापासून सकाळचाच.”

“आणि बटण कशाला दुरुस्त करून नेत होतास, मुडद्या? उत्तर द्यायचंच नव्हतं तर?”

त्यानं बापाकडं पाहिलं नाही. भिंतीशी बोलल्यासारखा बोलला.

“हात बांधला तर ओरडायला लागले. तोंडाशी बटण असलं की ओरडत नाहीत. दाबत राहतात आणि दिव्याकडं बघत राहतात.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याआधी आणि त्यानंतर मी कुणावर हात उचललेला नाही. तो उंबऱ्यातच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. गालावर माझ्या बोटांचे वळ आणि त्याच्याच हातचा खडू. बाहेर पोरं चिडीचूप. मला त्याची कीव आली, हेही सांगते. आणि कीव आली म्हणून माझाच संताप आला.

“रडतोस काय? रिक्षा आण,” मी म्हणाले. आणि त्यानं आणली.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून दोन दिवस गेले असते तर मूत्रपिंडं गेली असती.” मी दोन दिवसांचं गणित करत बसले नाही. त्याच्या आधीचे चौदा दिवस मला पुरे होते.

पंधरवड्यानं मी मास्तरांना माझ्या दुकानामागच्या खोलीत आणलं. उशाशी तेच बटण, नवं करून. डबा माझ्या टेबलावर, कापूस काढलेला. पहिल्याच दुपारी त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, “मास्तर, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. चालेल?”

एकदा वाजलं.

“पहिलं बटण लॉट हलका म्हणून गेलं नव्हतं ना?”

दोनदा.

“मुद्दाम वाकडं दाबून फोडलंत?”

एकदा.

 मग विचारलं. “माझ्याकडं यावं म्हणून? म्हणजे मी बघायला येईन म्हणून?”

त्यांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. बझर किती तरी वेळ वाजत राहिला. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. बिघडलेलं बटण मुकुंद माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं नेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फुटलेली घुमटी भिंगाखाली बघून शालनला कळेल, इतका त्यांचा त्यांच्या शिकवण्यावर भरवसा होता. आणि मी नवं बटण टाकून ते परत पाठवलं होतं. त्या गंजलेल्या दुसऱ्या बटणाचं विचारायचं माझं धाडस झालं नाही. पुढंही कधी झालं नाही.

मग ते रोज दाबायचे. दिवसातनं चाळीसदा, पन्नासदा. मी हातातलं काम ठेवून ‘आलो’ दाबायची आणि आत जायची.

“काय पाहिजे मास्तर? पाणी?”

दोनदा.

“कूस बदलू?”

दोनदा. काहीच नको असायचं. हिरव्या दिव्याकडं बघायचे, मग माझ्याकडं, आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाइकं थट्टा करायची, शालनताई, तुमचे मास्तर तुम्हाला उठाबशा काढायला लावतात वाटतं! मी म्हणायची, शिक्षा बाकी आहे माझी. मुकुंद रविवारी यायचा, चादरी धुऊन जायचा. तो आला की बटण वाजायचं नाही. तो गेल्यावर वाजायचं.

सप्टेंबरात ‘आलो’चं बटण गेलं. दाबलं तरी टक् होईना. उघडलं तर घुमटीवरची चांदी उडून काळी पडलेली, मधोमध खड्डा. मी तो तुकडा मास्तरांना नेऊन दाखवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला आणि त्यांच्या वाकड्या तोंडातून तो खाचेचा दात दिसला. हसले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी एका पेशंट मॉनिटरचं काम हातात होतं. आठला मास्तरांना पेज भरवली होती. कामात असताना दहा कधी वाजले कळलं नाही, आणि मग लक्षात आलं की आज बेल झालेली नाही. मनात म्हटलं, गेलं वाटतं पुन्हा बटण. मीटर घेतला आणि आत गेले.

ते भिंतीकडं तोंड करून होते. त्यांच्या बोटाखालून मी बटण काढून घेतलं, पिनेतून सोडवलं आणि खाटेच्या कडेला बसून मीटर लावला. अंगठ्यानं दाबलं, वाजलं. अंगठ्याचं काही खरं नसतं. करंगळीनं दाबलं, वाजलं. वाकडं दाबलं, वाजलं. मग पेचकस आणून उघडलंच. घुमटी लखलखीत होती, ना गंज, ना तडा. मी ते पुन्हा बंद केलं, वायरीला लावलं, हात लांब करून त्यांच्या बोटाखाली होतं तसं ठेवलं आणि थोडा वेळ थांबले.

बटणात काहीच दोष नव्हता. मग मी मान वर केली आणि मास्तरांकडं बघितलं.